घोडा, कुत्रा आणि चारशे गाई: रँचवर गुरं वळायला पहिल्यांदा जाताना

रानातल्या गुरांसाठी मराठीत एक नेमकं क्रियापद आहे: वळणं. 'पोरगं कुठंय?' 'गुरं वळायला गेलंय.' या एका शब्दात सगळं काम आलं. गुराचं तोंड जिकडे आहे ते आपल्याला हव्या त्या बाजूला फिरवायचं, चालायचं काम त्याचं ते करतं. स्पॅनिशमध्ये याच कामाला 'रोदेआर' म्हणतात, म्हणजे भोवती फिरणं, वेढणं. त्यावरूनच 'रोडिओ' आला. आज रोडिओ म्हटलं की स्टेडियममधला उसळणारा बैल आठवतो, पण मुळात तो शब्द माळावर विखुरलेली गुरं वेढून आणण्याचा होता. अमेरिकी काउबॉय हे काम मेक्सिकोतल्या 'वाकेरो' लोकांकडून शिकला. आमच्याकडे काउबॉयला आजही 'बकारू' म्हणतात, तो वाकेरोचाच अपभ्रंश.

'आमच्याकडे' म्हणजे आयडाहोच्या दक्षिणेला, नेवाडाच्या हद्दीजवळ. माझं माहेर माणदेशातलं. आजोबांची दोन खिल्लार खोंडं, एक गाय आणि सात-आठ शेळ्या, एवढीच गुरं मी वळलेली. इथे आल्यावर शेजारच्या रँचवाल्यांनी पहिल्यांदा मदतीला बोलावलं तेव्हा वाटलं, गुरं ती गुरं, त्यात शिकायचं काय. आता नऊ वर्षं झाली, दर ऑक्टोबरला जाते. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना ओळखीच्या रँचवरून असं बोलावणं येतं. काहीजण पैसे भरून गेस्ट रँचवर जातात, शेतकीचे विद्यार्थीही येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक अट मात्र आधीच सांगते: घोड्यावर तीन-चार तास दुडक्या चालीने बसता येत नसेल, तर आधी एखाद्या तबेल्यात दहा-पंधरा दिवस शिका आणि मगच या. माळावर शिकवायला कुणाला सवड नसते, आणि घोड्याचे हाल होतात ते वेगळेच.

काम काय असतं, ते आधी समजून घ्या

या भागातल्या रँचवर गाई असतात त्या मांसासाठी वासरं वाढवायला. काळी, बिनशिंगी अँगस, लाल अंगाची पांढऱ्या तोंडाची हिअरफर्ड, आणि दोघींच्या संकरातून झालेली काळ्या अंगाची पांढऱ्या तोंडाची गाय. उन्हाळा संपता संपता ही काळी-पांढरी गाय लांबूनसुद्धा ओळखू येते. हिवाळ्याच्या शेवटी गाई वितात, वसंतात वासरांना डाग देतात, मग गाय-वासरांच्या जोड्या डोंगरातल्या सरकारी कुरणांवर सोडतात. शरदात त्या परत गोळा करायच्या, वासरं तोडायची, म्हणजे आईच्या दुधावरून सोडवायची, आणि विकायची. हे शरदातलं गोळा करणं म्हणजेच आपलं काम. इथे त्याला 'गॅदर' म्हणतात.

कुरण सरकारी असल्यामुळे तारखा पक्क्या असतात. १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्यापासून सरकारी माळावर चराईचे परवाने द्यायला सुरुवात झाली. आज ते काम ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट बघतं. किती जनावरं, कोणत्या तारखेला आत, कोणत्या तारखेला बाहेर, सगळं कागदावर. त्यामुळे 'पुढच्या शनिवारी जमेल का?' असं विचारू नका. पाऊस असो, बर्फ असो, ठरलेल्या तारखेला कुरण रिकामं व्हावं लागतं.

कुरण केवढं असतं याचा अंदाज आपल्याला सहसा येत नाही. इथे पाऊस पडतो वर्षाला दहा-बारा इंच, आमच्या माणदेशापेक्षाही कमी. गवत विरळ, मधेमधे सेजब्रशची करडी, गुडघाभर झुडपं. एका गाईला महिनाभर चरायला कित्येक एकर लागतात. म्हणून चारशे गाई पंधरा-वीस हजार एकरांत पांगलेल्या असतात. त्यात ओघळी, घळी, टेकड्या. माणूस पायी गेला तर आठवड्यातही त्या गोळा व्हायच्या नाहीत. घोडा आणि कुत्रा हवाच, तो यासाठी.

आदल्या दिवशी

बूट नीट निवडा, बाकी कपड्यांचं चालून जातं. टाचेचा, गुळगुळीत तळाचा बूट घाला. टाच असली की पाय रिकिबीतून आरपार जात नाही, आणि तळ गुळगुळीत असला की पडताना पाय सुटतो. पाय रिकिबीत अडकून घोड्यामागे फरफटत जाणं हा या कामातला सगळ्यात वाईट अपघात आहे. स्पोर्ट्स शूज घालून येणाऱ्याला आमचे लोक घोडाच देत नाहीत, आणि ते बरोबर करतात. जीन्स, एकावर एक घालायचे कपडे (पहाटे गोठणबिंदूखाली, दुपारी घामाच्या धारा), गळ्याभोवती धुळीसाठी मोठा रुमाल, हातमोजे, टोपी किंवा हेल्मेट. पाणी खोगिराला बांधता येईल असं न्या.

आणि आपल्याला किती येतं ते खरं सांगा. 'थोडंफार येतं' म्हणालात की तुम्हाला थोडाफार तापट घोडा मिळतो. 'नवीन आहे, पण मांड पक्की आहे' म्हणालात तर म्हातारा, शहाणा घोडा मिळेल, आणि तो तुम्हाला अर्धं काम शिकवेल.

पहाटे

चारला उठायचं. अंधारातच घोडे पकडून खोगीर चढवतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळलात की थांबा, घोड्याला दहा पावलं चालवा आणि पुन्हा आवळा. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, चालले की हवा सोडतात आणि खोगीर ढिलं पडतं. नवख्या माणसाचं खोगीर बाजूला सरकतं ते बहुतेक यामुळे. मग खोगिरासकट घोडे ट्रेलरमध्ये चढवून कुरणापर्यंत न्यायचे.

उतरल्यावर काही रीती आहेत. कुणी सांगत नाही, पण मोडल्यात तर सगळे पाहतात. सगळे घोड्यावर बसेपर्यंत कुणी पुढे निघत नाही, कारण सोबतीचे निघाले की मागे राहिलेला घोडा अस्वस्थ होतो आणि अर्धवट चढलेला माणूस पडतो. फाटक उघडायला कुणी उतरलं तर तो परत बसेपर्यंत थांबायचं. जो मुख्य असतो, काउबॉस, त्याच्या पुढे घोडा काढायचा नाही. दोन माणसांमध्ये गुरं असतील तर दुसऱ्याच्या आणि त्याच्या गुरांच्या मधून जायचं नाही. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

वेढा घालणं

आपल्याकडे गुराखी गुरांबरोबर निघतो. इथे आधी गुरांच्या पलीकडे जावं लागतं. काउबॉस सगळ्यांना घेऊन दुडक्या चालीने कुरणाच्या पार टोकाला जातो, आणि वाटेत एकेका धारेवर एकेकाला सोडत जातो. तुम्हाला सांगेल, ही घळ तुझी. म्हणजे त्या घळीत जे काही चार पायांचं आहे ते सगळं पुढे घालून तुम्ही खालच्या पाण्यापाशी आणायचं. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या घळी रिकाम्या करत येतील. सगळे मिळून एक मोठं वर्तुळ आवळत येतं.

गाई कुठे असतील? सकाळी लवकर त्या चरत असतात, उघड्यावर दिसतात. ऊन चढलं की पाण्याजवळ किंवा सावलीला बसून रवंथ करतात. कोकणात दुपारी गुरं एकत्र बसतात त्या जागेला गोठण म्हणतात, तशा गोठणी इथेही असतात: झऱ्याकाठचे विलो, मीठ ठेवलेली जागा, वारा लागणारं टेकाड. म्हणून पहाटेची घाई. नऊच्या आत गाठली नाहीत, तर ती झुडपांत बसतात आणि काळी गाय काळ्या सावलीत पन्नास फुटांवरून दिसत नाही. ताजं शेण बघा, पावठ्या बघा, थांबून कान द्या. वासराला हाक मारणारी गाय ऐकू येते.

घाईने घळ सोडू नका. मागे राहिलेल्या एका गाईसाठी दुसऱ्या दिवशी कुणाला तरी हेच सगळं अंतर पुन्हा तुडवावं लागतं.

गाईच्या भोवतीचं न दिसणारं कुंपण

इथे जरा सावकाश वाचा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

प्रत्येक गाईभोवती तिची एक हद्द असते. त्या हद्दीबाहेर तुम्ही असलात तर ती फक्त बघते. आत पाऊल टाकलं की ती चालू लागते. दाव्याच्या गाईची ही हद्द शून्य असते, आपण तिच्या गळ्याला हात घालतो. माळावरची गाय चाळीस-पन्नास पावलांवरूनच मान वर करते. हद्दीच्या कडेवर राहून काम करायचं असतं. एकदम खोल घुसलात तर ती बिथरते, पळते, किंवा उलटून तुमच्या अंगावर येते.

दुसरी गोष्ट, गाईचा खांदा. तुम्ही तिच्या खांद्याच्या मागच्या बाजूला हद्दीत शिरलात तर ती पुढे जाते. खांद्याच्या पुढे आलात तर ती थांबते किंवा मागे वळते. तिच्या शेजारून, तिच्याच दिशेने पुढे गेलात तर तिची चाल मंदावते. उलट दिशेने, तोंडाकडून शेपटीकडे गेलात आणि तिचा खांदा ओलांडलात, की ती झपकन पुढे सरकते. पहिल्यांदा हे करून बघाल तेव्हा नवल वाटेल, इतकं ते अचूक चालतं.

तिसरी, तिची नजर. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे गाईला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त बरोबर पाठीमागे दिसत नाही. तुम्ही नेमके शेपटीमागे राहिलात की ती तुम्हाला बघायला मान वळवते, आणि मान वळली की अंगही वळतं. म्हणजे सरळ मागून ढकलली तर ती सरळ जातच नाही. म्हणून कळपामागे डावी-उजवीकडे, सावकाश, नागमोडी फिरत राहायचं, म्हणजे प्रत्येकीला तुम्ही कधी या डोळ्याने, कधी त्या डोळ्याने दिसता.

आणि चौथी, जी मला सगळ्यात उशिरा कळली: ती चालू लागली की दाब काढून घ्या. घोडा एक पाऊल मागे, किंवा नुसता थांबवा. तिने योग्य गोष्ट केली आणि त्रास थांबला, हे तिला कळलं पाहिजे. आपण उलट करतो. चालली रे चालली म्हणून आणखी जोरात मागे लागतो. मग ती पळते, आणि पळणारं जनावर वळत नाही.

ही समज जुन्या काउबॉय लोकांच्या अंगात होतीच, पण ती शब्दांत मांडून शिकवण्यालायक करण्यात दोन नावं मोठी आहेत. बड विल्यम्स यांनी आयुष्यभर रँचांवर फिरून गुरं शांतपणे हाताळायची पद्धत लोकांना प्रत्यक्ष दाखवली. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन यांनी ही हद्द आणि खांद्याचा बिंदू आकृत्या काढून जगभर पोचवला. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ग्रँडिनबाई गुरांच्या वाटेवरून गुरांसारख्या चालून बघायच्या आणि ती कशाला अडखळतात ते शोधायच्या: कुंपणावर लटकलेला कोट, जमिनीवर पडलेली सावली, हलणारी साखळी.

मला कुणी विचारलं की कळपात नेमकं काय बघायचं, तर मी सांगते, कान. एक उदाहरण देते. गेल्या वर्षी एका घळीच्या तोंडाशी एक म्हातारी, पांढऱ्या तोंडाची गाय उभी होती, मागे तिचं वासरू. मी पन्नास पावलांवर थांबले. तिचे दोन्ही कान माझ्याकडे ताठ. मी घोडा एक पाऊल डावीकडे नेला. एक कान माझ्याकडेच राहिला, दुसरा उजवीकडे, उताराच्या दिशेने फिरला. म्हणजे तिचा विचार सुरू झाला, जायचं तर कुठून. मी काहीच केलं नाही. दोन श्वास गेले असतील. तिने नाकाने एक फुत्कार सोडला, वासराला हुंगलं आणि उताराला लागली. तो दुसरा कान फिरला तेव्हा मी आणखी एक पाऊल टाकलं असतं, तर ती वर डोंगरात गेली असती.

घोडा

तुम्हाला मिळेल तो बहुधा क्वार्टर हॉर्स. पाव मैलाच्या शर्यतीत सगळ्यांत वेगवान म्हणून हे नाव. १९४० मध्ये या जातीची नोंदणी करणारी संघटना स्थापन झाली. ठेंगणा, रुंद छातीचा, मागच्या पायांत प्रचंड ताकद. वेगापेक्षाही याची मोठी देणगी म्हणजे याला गाय कळते. गाय कुठे वळणार हे त्याला तुमच्या आधी समजतं. अशा वेळी लगाम सैल सोडा, खोगिरात खोल बसा आणि पुढचा खुंटा, म्हणजे हॉर्न, हाताने धरा. त्याची लाज वाटू देऊ नका. घोडा झटक्यात डावीकडे जातो आणि नवा माणूस उजवीकडेच राहतो, हे मी दर वर्षी पाहते.

माळावर बॅजर या जमीन उकरणाऱ्या प्राण्याची बिळं असतात, त्यात घोड्याचा पाय जातो. म्हणून जमीन त्याला बघू द्या, मान मोकळी ठेवा. उतारावर घाई नको. दुपारी थांबाल तेव्हा तंग सैल करा. काउबॉयकडे स्वतःसाठी एकच घोडा नसतो, पाच-सात असतात आणि तो ते आळीपाळीने वापरतो, कारण दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर रोज एकाच घोड्याकडून घेणं हा अन्याय आहे. तुम्हाला दिलेला घोडा उद्या दुसऱ्याचं काम करणार आहे, हे लक्षात ठेवून बसा.

कुत्रा

माणदेशात धनगरांच्या वाड्याबरोबर घोडे असतात आणि कुत्री असतात. घोडा संसार वाहतो, कुत्रं लांडग्यापासून मेंढरं राखतं. मेंढरं वळायची ती माणसाने, हाळी देऊन, काठी आडवी धरून. म्हणून इथला कुत्रा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी थक्क झाले. हा राखत नाही, हा वळतो.

दोन प्रकार नीट ओळखा. पहिला पुढून काम करणारा, म्हणजे बॉर्डर कॉली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची ही जात. आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कॉलींचं मूळ १८९३ मध्ये नॉर्थंबरलंडमध्ये जन्मलेल्या हेम्प नावाच्या कुत्र्यापर्यंत जातं. हा कुत्रा गुरांना लांबून मोठा वळसा घालतो, पलीकडे जातो, मग पोट जमिनीला लावून, मान खाली घालून, नजर न हलवता पुढे सरकतो. भुंकत नाही. ही शिकारी प्राण्याचीच चाल आहे, फक्त शेवटची झडप पिढ्यान्‌पिढ्या काढून टाकलेली. गाईला मात्र ती लांडग्याचीच वाटते, आणि ती वळते.

दुसरा मागून काम करणारा. ब्लू हीलर हा ऑस्ट्रेलियातला, अंगात तिथल्या डिंगो या रानकुत्र्याचं रक्त असलेला. हा अडून बसलेल्या गाईच्या टाचेला, अगदी खाली, चावा घेतो आणि त्याच क्षणी जमिनीला चिकटतो. लाथ त्याच्या डोक्यावरून जाते. चांगला हीलर ज्या पायावर गाईचा भार आहे तोच पाय धरतो, कारण तो पाय तिला लगेच उचलता येत नाही. हे त्याला कुणी शिकवत नाही. टेक्सास-लुइझियानाच्या दाट झाडीत आणखी वेगळी कुत्री लागतात. तिथले कॅटाहुला गुरांना झाडीत शोधून काढतात, भुंकून एका जागी गोळा करतात आणि माणूस येईपर्यंत तिथेच धरून ठेवतात. १९७९ पासून हा लुइझियाना राज्याचा अधिकृत कुत्रा आहे.

आज्ञा ऐकून ठेवा, म्हणजे कुत्रा कुठे जाणार ते तुम्हाला कळेल आणि तुम्ही त्याच्या वाटेत येणार नाही. 'कम बाय' म्हटलं की कुत्रा कळपाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळसा घालतो. 'अवे टू मी' म्हणजे उलट दिशेने. 'वॉक अप' म्हणजे पुढे सरक, 'लाय डाउन' म्हणजे जिथे आहेस तिथे बस. 'दॅटल डू' म्हणजे पुरे, परत ये. लांब असेल तर हेच सगळं शिट्टीवर.

नवख्यांसाठी तीन गोष्टी. दुसऱ्याच्या कुत्र्याला कधीही आज्ञा देऊ नका, चांगल्या हेतूनेही नाही. दोन मालकांची हाक ऐकली की कुत्रा गोंधळतो आणि नेमकी तेव्हा गाय निसटते. काम चालू असताना त्याला कुरवाळू नका. आणि गाय कुत्र्याच्या मागे लागली तर सावध व्हा: घाबरलेला कुत्रा मदतीसाठी माणसाकडे धावतो, म्हणजे तुमच्या घोड्याच्या पायांत, आणि मागून पाचशे किलोची संतापलेली आई. घोड्याचं तोंड गाईकडे करा आणि वाट मोकळी करून द्या. लहान वासरं असतात त्या वसंतात बरेच जण कुत्री मागेच ठेवतात, ते याच कारणाने. शरदात वासरं मोठी झालेली असतात, गाई तितक्या अंगावर येत नाहीत.

कळप चालवणं

सगळ्या घळींतून गाई पाण्यापाशी जमल्या की लगेच हाकू नका. अर्धा तास नुसतं भोवती उभं राहायचं. पाणी पितात, वासरं आपापल्या आईला शोधतात, पितात, शांत होतात. नवख्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण नंतरच्या आठ-दहा किलोमीटरचं सगळं यश या अर्ध्या तासात असतं.

चालताना माणसांच्या जागा ठरलेल्या असतात. ही नावं १८६७ नंतर टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत चिझम वाटेने हजारो गुरं नेली जायची त्या काळापासून चालत आली आहेत. पुढे दोघं 'पॉइंट'ला, दिशा ते ठरवतात. बाजूंना 'स्विंग' आणि 'फ्लँक', कळप पसरू न देणारे. सगळ्यात मागे 'ड्रॅग'. तुम्हाला ड्रॅग मिळणार. धूळ इतकी की रुमाल नाकावर बांधल्याशिवाय श्वास घेता येत नाही. पण कळप शिकायला यासारखी जागा नाही, कारण थकलेली, लंगडी, ओढाळ, आणि आईपासून चुकलेली सगळी मागे तुमच्यासमोर येतात. आपल्याकडे ओढाळ गाईच्या गळ्यात लोढणं अडकवतात. इथे ते काम एका शांत घोड्याने तिच्या बाजूला चालत राहून करायचं.

माझी पहिल्या वर्षाची चूक इथलीच. दुपार झाली होती, ड्रॅगला पन्नासेक वासरं रेंगाळत होती, आया केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. मला वाटलं, मी मागे पडतेय. मी ओरडायला लागले, दोराचं टोक मांडीवर आपटायला लागले. एक वासरू वळलं. माझ्या घोड्याच्या बाजूने निघालं. त्याच्यामागे आणखी दहा. आईपासून चुकलेलं वासरू, शेवटचं जिथे दूध प्यायलं त्या जागी परत जातं. आईही तिथेच परत जाते. ही त्यांची ठरलेली भेटीची जागा असते. ती अकरा वासरं पाच किलोमीटर मागे, सकाळच्या पाण्यापाशी गेली, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या आयाही. दुसऱ्या दिवशी तिघांना त्यासाठी पुन्हा जावं लागलं. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, ते जास्त लागलं. आता वासरं रेंगाळली की मी पुढच्यांना हात वर करून थांबायला सांगते. आया मागे येतात, आपापलं वासरू घेतात, मग पुढे.

दोराबद्दल थोडक्यात: पहिल्या वर्षी दोर खोगिराला बांधलेलाच राहू द्या. फास टाकणं दिसतं सोपं. फासात गाय आली की दोराचे वेढे हॉर्नला द्यायचे असतात, त्याला 'डॅली' म्हणतात, आणि त्या वेढ्यात अंगठा सापडला तर तो जातो. मोजून नऊ बोटं असलेले अनुभवी लोक तुम्हाला इथे भेटतील.

फाटक आणि मोजणी

गुरं कोंडायच्या वाड्याच्या फाटकाशी गाई थबकतात. पुढच्या चार जणी उंबरठ्यावर वास घेतात. इथे मागून दाब दिला तर मधला कळप दुभंगतो आणि सगळं उधळतं. थांबा. कुत्री खाली बसवा. पहिली गाय आत गेली की बाकीच्या तिच्यामागे रांग लावतात. फाटकाशी उभा असलेला माणूस दोन-दोन, तीन-तीन करत मोजतो, दर शंभराला एक खडा खिशात टाकतो. त्या वेळी त्याच्याशी कुणीही बोलायचं नाही.

त्यानंतर वासरं वेगळी करतात. पूर्वी ती एकदम लांब नेत. आता बऱ्याच ठिकाणी मधे फक्त कुंपण ठेवतात, म्हणजे आई दिसते, नाक लावता येतं, दूध मात्र मिळत नाही. गाई हंबरतात, पण पूर्वीइतक्या नाहीत, आणि वासरं लवकर चाऱ्याला लागतात. तरी पहिली रात्र जड जाते. रँचच्या घरात झोपणार असाल तर ते रात्रभर ऐकू येईल.

तुम्ही जेवायच्या आधी घोडा. शेवटचा अर्धा किलोमीटर त्याला चालवत आणा, खोगीर उतरवा, पाठीवर हात फिरवून कुठे सूज, घासलं आहे का बघा, पाणी द्या. मग कुत्रा, मालकाने विचारलं तर. या भागात चीटग्रास नावाचं गवत आहे, त्याची कुसळं कुत्र्याच्या बोटांमध्ये आणि कानांत शिरतात आणि आत सरकतच जातात. बॅटरीच्या उजेडात एकेक बोट फाकवून बघावं लागतं. कुत्रा तोवर झोपलेला असतो, पाय तसाच तुमच्या हातात देऊन.

खडे मोजून झाले की काउबॉस आकडा सांगेल. दोन गाई कमी भरल्या, तर बूट दाराशी कोरडे करून ठेवा. पहाटे चारला पुन्हा निघायचंय.